ज्या बाजूला पाणी उतरतं

ब्रियांसोंच्या जुन्या गावात शिरताना डोळ्यांना आधी तट दिसतो, पण कानांना आधी पाणी ऐकू येतं. पिन्येरोल दरवाजातून आत गेलं की समोर एक अरुंद रस्ता सरळ खाली उतरत जातो, आणि त्याच्या बरोब्बर मधून दगडात बांधलेली एक चारी खळखळत धावत असते. दोन्ही अंगांना उंच, एकमेकांना टेकलेली घरं. माणसं चारीच्या कडेनं चालतात, पलीकडे ओळखीचं कुणी दिसलं की एक ढांग टाकून तिकडे जातात. मुलं पाण्यात काटकी सोडतात आणि तिच्याबरोबर उतारावरून पळत सुटतात. कागदोपत्री या रस्त्याचं नाव 'मोठा रस्ता'. गाव मात्र त्याला चारीच्या नावानं हाक मारतं, ग्रांद गार्गुय. शेजारच्या गल्लीत धाकटी गार्गुय आहे.

मी तिथंच थांबले. लेक म्हणाली, "आई, किल्ला पुढे आहे."

"असू दे गं. हे आधी बघू दे."

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्याच्याही आधी, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी माझे आजोबा, आईचे वडील, पाटकरी होते. पांझरेवर फड पद्धत होती. नदीला बंधारा, बंधाऱ्याला पाट, पाटाला चाऱ्या, आणि पाण्याची पाळी ठरवायला गाव. पाटकऱ्यानं फावडं घेऊन बांधाबांधानं फिरायचं, ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी वळवायचं. लहानपणी मी त्यांच्या मागं मागं हिंडायचे. त्यामुळे कुठंही चारी दिसली की ती कुठून आली आणि तिच्यावर हक्क कुणाचा, हे दोन प्रश्न मनात आपोआप उठतात. फ्रेंच आल्प्समधल्या एका लष्करी गावात, समुद्रसपाटीपासून १३२६ मीटर उंचीवर, ते उठतील असं मात्र वाटलं नव्हतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही येतानाच पाहिलं होतं, फक्त ओळखलं नव्हतं. लेक ग्रनोब्लला असते. तिथून निघालेली बस २०५८ मीटरवरची लोतारेची खिंड चढून पलीकडे उतरते, तेव्हा रस्त्याच्या बाजूनं एक नदी सोबतीला येते. ती गिझान. तिचं पाणी गावकऱ्यांनी चौदाव्या शतकात डोंगराच्या कुशीनं पाट काढून इथवर आणलं. पाट खोदायला उतार असा हवा की पाणी थांबू नये आणि काठही खाऊ नये. हाती पहार, कुदळ आणि नजर एवढंच असताना मैलोन् मैल तो उतार साधणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. त्या पाण्यानं वर कुरणं भिजत आणि खाली गावातून चारी वाहत राही. ती आगीसाठी. लाकडाची घरं दाटीवाटीनं उभी असली की एका चुलीची ठिणगी गाव घेऊन जाते. आग लागली की फळी आडवी टाकून पाणी तुंबवायचं आणि बादल्या भरायच्या.

दुसऱ्या प्रश्नाचं, हक्काच्या प्रश्नाचं, उत्तर देणारा कागद १३४३ सालचा आहे.

त्या काळी हा मुलूख दोफिनेच्या राजाचा होता. त्याला दोफां म्हणत. गादीवरच्या दुसऱ्या अंबेरचा एकुलता मुलगा तान्हेपणीच गेला होता आणि डोक्यावर कर्ज चढलं होतं. इटलीकडे जाणाऱ्या मोंझनेव्रच्या खिंडीच्या दोन्ही अंगांच्या गावांनी ही अडचण ओळखली. व्यापाराच्या वाटेवरची गावं ती, त्यांच्या गाठीला नाणं होतं. २९ मे १३४३ रोजी गावांचे प्रतिनिधी अंबेरसमोर गेले आणि करार झाला. गावांनी १२,००० सोन्याचे फ्लोरिन रोख द्यायचे आणि पुढे दरसाल ४,००० डुकाट भरत राहायचं. बदल्यात सरंजामी वेठ आणि देणी रद्द. आपले पंच आपण निवडायचे, सभा आपण भरवायच्या, पाट आपण काढायचे. मानवंदनेची रीतही बदलली. रयतेप्रमाणे वाकून अंगठ्याचं चुंबन घ्यायचं नाही, राजाच्या अंगठीचं घ्यायचं, उमरावांसारखं. पैशाच्या कलमांशेजारी हेही कलम लिहून घेणारी माणसं मला जवळची वाटतात. सहा वर्षांनी, १३४९ मध्ये, अंबेरनं सगळं दोफिनेच फ्रान्सच्या राजघराण्याला विकलं. फ्रान्सच्या युवराजाला पुढे 'दोफां' म्हणू लागले ते या व्यवहारामुळे. गावांचा करार मात्र टिकला. राजामागून राजे आले, प्रत्येकाकडून त्याला मान्यता मिळवली गेली, आणि तो थेट १७८९ च्या क्रांतीपर्यंत चालला.

या गावांचे पाच गट होते. ब्रियांसों आणि केरास खिंडीच्या अलीकडे, ऊल्क्स, प्राजेलातो आणि कास्तेलदेल्फिनो पलीकडे. प्रत्येक गटाला म्हणत एस्कार्तों. शब्दाचं मूळ आहे 'वाटून घेणं'. वर्षाचा एकूण आकडा ठरलेला, तो आधी पाच गटांत, मग गावागावांत, मग घराघरांत ऐपतीप्रमाणे वाटायचा. राजाचा वसुलदार दारात यायचा नाही, वाटणीचा हिशेब गावच करायचं. आपल्याकडे बलुत्याचा वाटा, पाण्याची पाळी, गावकीची वर्गणी हे शब्द ज्या मातीत उगवले तसल्याच मातीतला हा शब्द. केरासमध्ये कागदपत्रांसाठी आठ कुलपांचं कपाट केलेलं होतं. किल्ल्या वेगवेगळ्या गावांकडे. सगळे एकत्र आल्याशिवाय ते उघडायचंच नाही.

वाटणी करायची तर लिहितावाचता यायला हवं, हिशेब कळायला हवा. खोरी सहा-सहा महिने बर्फाखाली. घरात कोंडलेल्या त्या महिन्यांत इथं पोरांना शिकवायची चाल पडली आणि हा डोंगर शिक्षकांसाठी नावाजला गेला. शरद ऋतूत इथले तरुण खालच्या सुपीक मुलखातल्या बाजारांत जाऊन उभे राहत, टोपीत पिसं खोवून. एक पीस म्हणजे वाचन शिकवीन. दोन म्हणजे हिशेबही. तीन पिसं असली की लॅटिनसुद्धा. हिवाळाभर शिकवायचं आणि बर्फ वितळलं की आपल्या शेताकडे परतायचं. नांगर धरणारा माणूस तीन पिसं लावून प्रोव्हान्सच्या बाजारात उभा आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की मला ब्रियांसोंचा कुठलाही बुरूज त्याच्यापुढे थोटका वाटतो.

आता बुरूज.

गावाच्या जन्माचं कारण मोंझनेव्रची खिंड. उंची १८५० मीटरच्या आसपास, म्हणजे आल्प्सच्या मानानं ठेंगणी. तोरिनोकडून रोन नदीच्या मुलखात उतरायचं तर ही सोयीची वाट. रोमन लोकांचं ब्रिगांतिउम नावाचं ठाणं याच जागी होतं. खिंडीच्या तोंडाशी वसलेल्या गावाला येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगता येतं आणि येणाऱ्यांच्या फौजांत मरावंही लागतं. तरी सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत ब्रियांसोंला फार भक्कम असा तट नव्हता. १६२४ च्या डिसेंबरात गाव एकदा जळलं होतं. २६ जानेवारी १६९२ ला पुन्हा लागलेल्या आगीत बहुतेक सगळी घरं गेली. दोन्ही आगी ऐन थंडीतल्या. मला वाटतं, चारी असूनही गाव का वाचलं नाही याचं उत्तर त्या महिन्यांतच आहे. घराघरात शेकोट्या धगधगत असतात आणि पाणी बर्फ होऊन बसलेलं असतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या सव्हॉय राज्याचा ड्यूक व्हिक्टर आमेदेओ फौज घेऊन डोंगर उतरला. त्यानं आंब्रँ घेतलं, गाप जाळलं. चौदाव्या लुईला आपल्या राज्याचा हा कोपरा उघडा आहे हे तेव्हा कळलं आणि त्यानं आपला माणूस पाठवला. सेबास्तियाँ द वोबां, त्याचा किल्ले बांधणारा लष्करी इंजिनिअर. वय एकोणसाठ. त्याच जूनमध्ये त्यानं दूर उत्तरेला नामूरचा वेढा यशस्वी केला होता. तिथून घोड्यावर आणि पालखीत, हयातभर चालवली तशी, फ्रान्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला त्याची फिरती.

वोबांचं नाव निघालं की लोकांना चांदणीच्या आकाराचे, मोजून आखलेले किल्ले आठवतात. ते सपाटीवरचे. इथं सपाटीच नाही. गाव एका तिरक्या खडकावर चिकटलेलं, खाली द्युरांस नदीची घळ, चहूबाजूंना त्याहून उंच डोंगर. कुठल्याही टेकाडावर तोफ चढवली तर गोळा थेट बाजारात पडेल. त्यामुळे त्यानं भूमिती बाजूला ठेवली. तट उताराबरोबर वरखाली होतो, वळतो, कुठं दुहेरी-तिहेरी होतो, आणि आतल्या जागेवर वरून मारा होऊ नये अशा बेतानं उंची घेतो. तटावरून चालताना मला प्रत्येक वळणाचं कारण समोरच्या डोंगरात सापडत होतं. धरणाची जागा निवडताना आम्हीही असंच करायचो, आधी डोंगराचं ऐकायचं, मग नकाशा काढायचा. माझ्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं ते वाक्य इथल्या दगडांत उतरलेलं दिसलं.

त्याला आणखी एक दिसलं होतं. नुसता गावाचा तट पुरणार नाही, समोरची टेकाडं आपल्या ताब्यात हवीत. १७०० मध्ये तो परत आला तेव्हाही हेच सांगून गेला. खजिन्यात पैसा नव्हता. वोबां १७०७ मध्ये गेला, टेकाडांवरचे किल्ले त्याच्या मागून झाले. गावातलं मोठं चर्च १७०३ ते १७१८ च्या दरम्यान बांधलं गेलं, तटाला लागूनच. दोन जाडजूड मनोरे, त्यांच्यावर रंगवलेली सूर्यघड्याळं. अशी सूर्यघड्याळं गावभर भिंतींवर आहेत. इथं ऊन इतकं स्वच्छ पडतं की पुढे क्षयाचे रोगी याच उन्हासाठी इथल्या आरोग्यधामांत येऊ लागले.

वोबांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आयुष्यभर सीमांवर हिंडलेल्या या माणसानं खेड्यापाड्यांची दैना जवळून पाहिली होती. किती माणसं, किती गुरं, किती खातात, किती कर भरतात, याच्या तो नोंदी ठेवायचा. शेवटी त्यानं एक पुस्तक छापलं. सगळे कर काढून टाका, उत्पन्नाच्या प्रमाणात एकच कर ठेवा आणि तो उमरावांनी, धर्मपीठानं, सगळ्यांनी भरावा, अशी त्याची मांडणी. १७०७ च्या सुरुवातीला राजाच्या दरबारानं त्या पुस्तकावर बंदी घातली आणि ३० मार्चला वोबां वारला. ऐपतीप्रमाणे सगळ्यांनी वाटून घ्यायचं हे ज्या डोंगरात साडेतीनशे वर्षं चालू होतं, तिथं तो तट आखायला दोनदा येऊन गेला होता. एस्कार्तोंची रीत पाहूनच त्याला हे सुचलं असं मी म्हणणार नाही, तसा धागा हाती नाही. पण गार्गुयच्या काठी बसून मी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, आणि अजून त्या तशाच शेजारी आहेत.

मग १७१३ आलं. माझ्या दृष्टीनं या गावाचं मोठं दुःख ते. आगीचं नाही, वेढ्याचं नाही.

युरोपातल्या राजांचं लांबलेलं युद्ध युट्रेख्टच्या तहानं संपलं. फ्रान्स आणि सव्हॉय यांच्यामधली सीमा कशी आखायची? तहात लिहिलं गेलं की आल्प्सच्या माथ्यावर पाणी जिथं दोन बाजूंना वाटलं जातं तीच सीमा. म्हणजे पाणलोटाची रेषा. ज्या बाजूला पाणी उतरतं त्या बाजूचा राजा. कागदावर याच्याइतकी साधी, न्याय्य सीमा दुसरी नाही. नदीचं खोरं हे नैसर्गिक एकक, असं आम्हीही अभ्यासक्रमात शिकलो आणि पुढे कनिष्ठांना शिकवलं. पण डोंगरातली माणसं पाणलोटाप्रमाणे राहत नाहीत. त्यांची कुरणं माथ्यावर असतात, माथ्याच्या दोन्ही बाजूंची गावं उन्हाळ्यात तिथं भेटतात, सोयरिकी तिथं जुळतात. आपल्या घाटमाथ्यावर तेच असतं. कोकण आणि देश यांच्यामधल्या धनगरवाड्यांना विचारावं, पाणी कुठल्या समुद्राला जातं यावरून त्यांची माणसं वेगळी होतात का. तहानं ऊल्क्स, प्राजेलातो आणि कास्तेलदेल्फिनो सव्हॉयला गेले. पाचातले तीन एस्कार्तों एका सहीनं परमुलूख झाले. तीनशे सत्तर वर्षं ज्यांनी एका आकड्याची वाटणी केली त्यांच्यामध्ये जकातनाकी उभी राहिली. बदल्यात फ्रान्सला दक्षिणेकडची उबाय नदीची दरी मिळाली. राजांचा हिशेब बरोबर जुळला.

मोंझनेव्रच्या परिसरात दोन नद्या उगम पावतात. द्युरांस इकडे उतरून रोनमार्गे भूमध्य समुद्राला जाते. दोरा तिकडे उतरून पो नदीला आणि पुढे एड्रियाटिकला मिळते. त्यांच्याविषयी इथं एक जुनं लोकगीत आहे. दोरा द्युरांसचा निरोप घेते: बहिणी, या डोंगरावर आपली ताटातूट, तू प्रोव्हान्स उद्ध्वस्त करायला निघालीस, मी पिएमोंत पिकवायला चालले. जात्यावर सासरी जाणाऱ्या बहिणींच्या ओव्या ऐकत मोठी झालेली मी, ते ऐकून गप्प झाले. द्युरांसचे पूर खरोखर विध्वंसक होते. १९६० च्या सुमारास खाली सेर-पोंसोंचं मातीचं धरण बांधून तिला आवरलं गेलं. साठा १.२ अब्ज घनमीटरहून अधिक, आपल्या मापात सुमारे ४५ टीएमसी. त्यात साव्हिन नावाचं गाव पूर्ण बुडालं आणि वर नव्यानं वसवलं गेलं. मी बुडीत क्षेत्रातल्या घरांची मोजमापं केलेली आहेत. त्यावर इथं लिहीत नाही, ते वेगळं लिहायला हवं.

सीमा बदलली आणि ब्रियांसों, जे आजवर मुलखाच्या मधोमध होतं, ते एकाएकी कडेला आलं. शत्रू आता दहा-बारा किलोमीटरवर. वोबांनी सांगितलेलं तेव्हा कुठं निकडीचं झालं. सालेतचा किल्ला झालाच होता, आता द्युरांसच्या पलीकडे 'तेत' म्हणजे डोक्यांचा किल्ला, त्याच्या वर रांदुये, बाजूला दोफां. १७२१ ते १७३४ या वर्षांत डोंगरच्या डोंगर बांधून काढले. तेत आणि रांदुये यांच्यामधली दरी ओलांडायला एक बंदिस्त दगडी मार्ग आहे, दोनशेएक मीटर लांब, म्हणजे गोळीबारातही शिपायांना एका किल्ल्यातून दुसऱ्यात जाता यावं. गावाकडून तिकडे जाण्यासाठी द्युरांसच्या घळीवर एका कमानीचा पूल टाकला. आस्फेल्ड पूल. कमान ३८ मीटर, नदीपासून उंची पन्नास मीटरहून जास्त. वोबांनंतर काही वर्षांनी तटबंदी खात्याचा प्रमुख झालेल्या मार्शल आस्फेल्डचं नाव त्याला दिलं. मी पुलाच्या कठड्याशी बराच वेळ उभी होते. खालून गार वारा येतो, पाण्याचा आवाज घळीत घुमतो. दोन्ही काठांवर उभा कातळ. अशा जागी, अशा उंचीवर कमानीचा लाकडी साचा कसा उभा केला असेल, याचा विचार करताना माझ्या तळपायांना घाम आला.

एवढं बांधलं, आणि लढाई? फार थोडी. १८१५ मध्ये वॉटर्लूनंतर ऑस्ट्रिया आणि सार्डिनियाच्या फौजांनी गावाला वेढा दिला. जनरल एबर्ले आणि गावकऱ्यांनी मूठभर माणसांनिशी तीन महिने दार उघडलं नाही, तह होईपर्यंत. पिन्येरोल दरवाजावर त्याचा लेख कोरलेला आहे. दुसरी लढाई १९४० ची, आणि तिचा या जुन्या तटाशी संबंध नव्हता. मोंझनेव्रच्या डोक्यावर शाबेर्तों नावाचं ३१३१ मीटरचं शिखर आहे. इटलीनं त्याच्या माथ्यावर आठ दगडी मनोरे उभारून प्रत्येकावर १४९ मिलिमीटरची तोफ बसवली होती. मनोरे उंच केले ते तोफा बर्फात गाडल्या जाऊ नयेत म्हणून. गावातून वर पाहिलं की ते सुळके दिसायचे. खाली कुणाची मान वर झाली तरी ती त्यांच्या टप्प्यात. २१ जून १९४० रोजी ढग फाटले आणि खालच्या दऱ्यांत दडवलेल्या चार फ्रेंच उखळी तोफांनी, लेफ्टनंट मिगेच्या हुकमतीखाली, आठांपैकी सहा मनोरे निकामी केले. तीन दिवसांनी शस्त्रसंधी झाली. १९४७ च्या तहात ते शिखर फ्रान्सकडे आलं. तुटके मनोरे अजून तिथं आहेत. दुर्बिणीतून लेकीनं मला दाखवले, करवतीच्या दातांसारखे.

फौज आता गावातून गेली आहे. डोंगरी पलटणीच्या बराकी रिकाम्या झाल्या, सैनिकांवर चालणारी दुकानं बंद पडली. लोक येतात ते बर्फावर घसरायला, सायकल शर्यतीतले अवघड घाट चढायला आणि किल्ला बघायला. २००८ मध्ये वोबांच्या १२ ठिकाणांची जागतिक वारशात नोंद झाली, त्यात ब्रियांसों आहे. २०२५ च्या जुलैत आपल्या १२ किल्ल्यांची नोंद झाली तेव्हा माझ्या मनात हा आकडा लगेच जुळला. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, वोबांचा १६३३ चा. एकमेकांना कधी न भेटलेली ही दोन माणसं एकाच शतकात, दोन डोंगररांगांत, कातळाला विचारून तट चढवत होती. राजगडाची संजीवनी माची मी तीनदा चालले आहे. ब्रियांसोंच्या तटावर मला परकं वाटलं नाही याचं हेच कारण.

आणि हो, शिंप्याच्या दुकानात कापडावर खुणा करायला चपटा, गुळगुळीत खडू असतो ना, त्याला फ्रेंच भाषेत ब्रियांसोंचा खडू म्हणतात. या परिसरातल्या डोंगरांतल्या मऊ दगडाचा तो केला जाई. मावशीच्या शिलाई मशीनवर पडलेला तो तुकडा मला हातात घेऊन पाहायचा होता, आता ते घरही नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीनं विचारलं, "आई, एका ठिकाणी येशील? दोन तास बटाटे सोलायचेत."

मोंझनेव्रची खिंड रोमनांपासून कधी बंद झाली नाही, तशी ती आताही नाही. गेली आठ-नऊ वर्षं तिथून रात्री माणसं येतात. आधी पश्चिम आफ्रिकेतली तरुण मुलं येत, मग अफगाणिस्तान, इराणमधली कुटुंबं येऊ लागली. सीमेवर पोलीस परत पाठवतात, म्हणून रस्ता सोडून ती जंगलातून, बर्फातून उतरतात. काहींचे पाय बर्फानं काळे पडले, काही जण मेले. २०१८ च्या मे महिन्यात नायजेरियाची एक तरुणी द्युरांसमध्ये बुडून गेली. गावातले लोक रात्री गरम चहा, मोजे, कांबळी घेऊन वर खिंडीकडे जातात. डोंगरात अडलेल्याला खाली आणायचं, तो कोण हे नंतर विचारायचं, हा इथला जुना नियम. २०१७ पासून गावात स्वयंसेवकांनी चालवलेलं आश्रयघर आहे. सध्या ते एका जुन्या आरोग्यधामाच्या इमारतीत भरतं. ज्या खोल्यांत क्षयाचे रोगी उन्हाची वाट बघत, तिथं आता माणसं दोन-तीन रात्री झोपतात आणि पुढे जातात. सगळ्यांना हे रुचतं असं नाही. गावात यावरून कडवे वाद आहेत, आणि काही स्वयंसेवकांवर खटलेही चालले.

स्वयंपाकघरात भिंतीवर फळा होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि पुढे नावं. कोण शिजवणार, कोण भांडी घासणार, कोण रात्री वर जाणार. मी तो वाचला आणि लेकीला मराठीत म्हटलं, "पाळ्या लावल्यात." ती हसली. तिचं नाव गुरुवारच्या रकान्यात होतं. तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारी एक अफगाण मुलगा बटाटे सोलत बसला होता. सतरा-अठराचा असेल. त्यानं माझ्या साडीकडे पाहिलं आणि हळूच हिंदीत विचारलं, "आप इंडिया से?" हिंदी तो सिनेमांतून शिकला होता. काबूल नाही, कुठल्याशा खेड्यातला. घरी जर्दाळूची झाडं, असं म्हणाला. झाडांना पाणी कुठून, मी विचारलं. सवयच ती. तो म्हणाला, डोंगरातून पाट काढलेला आहे, मीराब म्हणून एक माणूस असतो, तो पाळी सांगतो. मी त्याला माझ्या आजोबांविषयी सांगितलं. त्यानं सोलणं थांबवून नीट ऐकून घेतलं, फावड्याचा दांडा केवढा होता तेही विचारलं.

मग तो आपलं सांगू लागला. वरून उतरताना धुकं होतं. दिवा लावता येत नव्हता, पोलीस दिसले असते. फोनची बॅटरी संपली. बरोबरचे दोघे मागं राहिले, नंतर आले. वाट कळेना तेव्हा तो बसून राहिला आणि खूप वेळानं त्याला पाण्याचा आवाज आला. पाणी खाली जातं, खाली गाव असतं, असं त्याच्या बापानं सांगितलेलं. तो आवाज उजव्या कानाशी ठेवून रात्रभर उतरत राहिला.

"उस नदी का नाम क्या है?" त्यानं विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, द्युरांस, द्युरांस, आणि पुढचा बटाटा उचलला.